मुंबईच्या मैदानातून राष्ट्रीय प्रशिक्षकपदाकडे : खालिद जमील यांची वाटचाल आणि महाराष्ट्रातील फुटबॉल-प्रशिक्षकाच्या व्यवसायाचा इतिहास

प्रास्ताविक

१ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने भारताच्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांची नियुक्ती जाहीर केली. या पदासाठी सुमारे १७० अर्ज आले होते. अंतिम यादीत जमील यांच्यासह इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्लोव्हाकियाचे स्तेफान तार्कोविच ही नावे होती. २०११-१२ मधील गोव्याच्या सॅव्हियो मेदेरा यांच्यानंतर या पदावर पूर्णवेळ आलेले जमील हे पहिलेच भारतीय होत. मधल्या काळात विम कूव्हरमन्स, स्टीफन कॉन्स्टंटाइन, इगोर स्टिमाच आणि मानोलो मार्केझ या परदेशी प्रशिक्षकांनी हे पद भूषविले.

वृत्तपत्रांनी या नियुक्तीकडे मुख्यतः 'देशी विरुद्ध विदेशी' या दृष्टीने पाहिले. तो वाद येथे अभिप्रेत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाचा वाटावा असा प्रश्न वेगळाच आहे : फुटबॉलचा प्रशिक्षक हा व्यवसाय आपल्याकडे माणूस कोठे शिकतो? त्याला पगार कोण देतो? चुका करण्यासाठी लागणारी वर्षे त्याला कोण देते? जमील यांची जडणघडण मुंबईत झाली. त्यामुळे त्यांच्या वाटचालीचा मागोवा घेताना महाराष्ट्रातील एका क्रीडाव्यवस्थेचा उदय आणि अस्तही तपासावा लागतो. ज्या पायऱ्या चढून ते वर आले, त्यांपैकी बहुतेक पायऱ्या आज शिल्लक नाहीत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्या पायऱ्यांमध्ये महाविद्यालय ही पायरी तेव्हाही नव्हती, ही बाबही दुर्लक्षण्याजोगी नाही.

शिक्षक-प्रशिक्षकाची परंपरा

भारतीय फुटबॉलचा पहिला मोठा प्रशिक्षक शाळेच्या वर्गातून आला होता, याचा आज विसर पडलेला दिसतो. सय्यद अब्दुल रहीम (१९०९-१९६३) हे हैदराबादचे. उस्मानिया विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी शाळांमधून अध्यापन केले, शारीरिक शिक्षणाची पदविका मिळविली आणि १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिवपद सांभाळले. नेवासा तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या पैलतीरावर १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्याची हद्द सुरू होत असे, त्याच राज्याच्या राजधानीतील हे शिक्षक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. राष्ट्रीय संघाने त्यांच्याच काळात १९५१ च्या दिल्लीतील आणि १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले व १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथे स्थान पटकावले. जाकार्ता येथील अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरविले, तेव्हा रहीम कर्करोगाने ग्रासलेले होते. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर भारताला आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक मिळालेले नाही.

रहीम यांच्या काळात प्रशिक्षक हा स्वतंत्र पेशा नव्हता. शिक्षक, पोलीस अधिकारी किंवा कारखान्यातील क्रीडाप्रेमी अधिकारी हे काम आपल्या नोकरीच्या जोडीने करीत. शारीरिक शिक्षणाच्या संस्था मात्र त्यापूर्वीच उभ्या राहिल्या होत्या. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मधले, मद्रासचे वाय.एम.सी.ए. शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९२० मधले, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मधले, तर मुंबई सरकारची कांदिवली येथील प्रशिक्षण संस्था १९३८ मधली. या संस्थांनी व्यायामशिक्षक घडविले. कवायत, देशी खेळ, आरोग्य व शिस्त हा त्यांच्या शिक्षणाचा गाभा होता. एखाद्या खेळाचे डावपेच शिकविणारा तज्ज्ञ घडविणे हा त्यांचा मूळ हेतू नव्हता आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचेही कारण नाही. पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात १९६१ मध्ये राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली, तेव्हा 'व्यायामशिक्षक' आणि 'क्रीडाप्रशिक्षक' या दोन वाटा प्रथमच स्पष्टपणे वेगळ्या झाल्या. पहिली वाट शाळा-महाविद्यालयांकडे वळली. दुसरी शासकीय क्रीडाखाती, रेल्वे, सेनादले आणि कंपन्यांच्या संघांकडे गेली. ही फारकत पुढे कायमच राहिली.

मुंबईचे संस्थात्मक फुटबॉल

कोलकात्याच्या फुटबॉलला क्लबांचा आणि त्यांच्या समर्थकांचा आधार होता, गोव्याच्या फुटबॉलला गावाचा, चर्चच्या मैदानाचा आणि पुढे खाणमालकांचा. कोल्हापूरची कथा तर सर्वस्वी निराळी. तेथे कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉल आपलासा केला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे आजही फुटबॉल संघांची नावे आहेत आणि पेठेची अस्मिता त्यांच्याशी बांधलेली आहे. १९४० मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन तेथील स्पर्धा भरवीत आली. या परंपरेने असंख्य खेळाडू दिले. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच. पण पेठेचे प्रेम कितीही उत्कट असले तरी त्यावर प्रशिक्षकाचे घर चालत नाही.

मुंबईत घर चालविण्याची सोय होती, ती नोकरीच्या रूपाने. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स स्पर्धा प्रारंभी ब्रिटिश पलटणींची होती. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती प्रथम भारतीय नागरी संघाकडे खेचून आणली. स्वातंत्र्यानंतर कूपरेज मैदानावर पलटणींची जागा कंपन्यांनी घेतली. तेलकंपन्या, गिरण्या, रेल्वे, बँका आणि विमानकंपनी यांनी आपापले संघ उभारले. १९५८ चा रोव्हर्स करंडक कॅलटेक्स या तेलकंपनीच्या संघाने जिंकला, एवढ्यावरूनही या व्यवस्थेच्या बळाची कल्पना यावी. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे. सकाळी सराव, दुपारी कार्यालय आणि हंगामात सामने असा त्याचा दिनक्रम असे. पाय थकल्यावरही नोकरी राही. ज्याला खेळाची समज अधिक, तो त्याच संघाचा व्यवस्थापक किंवा प्रशिक्षक होई. निवृत्त खेळाडूला प्रशिक्षक होण्यासाठी जो आर्थिक निवारा लागतो, तो ही व्यवस्था कोणताही गाजावाजा न करता पुरवीत होती.

या व्यवस्थेचे उत्तम उदाहरण म्हणून बिमल घोष यांचे नाव घ्यावे लागते. दीर्घकाळ एअर इंडियाच्या संघाचे प्रशिक्षक राहिलेल्या घोष यांनी नामवंत खेळाडूंवर पैसा खर्च करण्याऐवजी मुंबईतील होतकरू तरुणांना संधी देण्याचे धोरण ठेवले. २०२२ च्या द्रोणाचार्य पुरस्कारांत जीवनगौरव गटात त्यांचा सन्मान झाला. क्रिकेटने झाकोळलेल्या या शहरात हा सन्मान बराच उशिरा आला, असेच म्हणावे लागेल.

खेळाडू ते प्रशिक्षक

खालिद जमील यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजी कुवेतमध्ये झाला. व्यावसायिक खेळाडू म्हणून त्यांची घडण मात्र मुंबईची. मधल्या फळीतील हा खेळाडू १९९७ मध्ये महिंद्र संघात दाखल झाला, १९९८ ते २००२ या काळात एअर इंडियाकडून खेळला आणि २००२ मध्ये पुन्हा महिंद्र युनायटेडकडे परतला. म्हणजे त्यांच्या खेळाच्या कारकिर्दीचा बहुतांश भाग मुंबईतील दोन संस्थात्मक संघांतच व्यतीत झाला. भारतीय संघाचा पोशाखही त्यांनी अंगावर चढविला. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, तेव्हा ते त्या संघात होते आणि त्या संघाचे प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा होते. परेरा स्वतः महिंद्रचे माजी खेळाडू. आपल्याच सहकाऱ्यांतून प्रशिक्षक तयार होतो, हे जमील यांनी जवळून पाहिले होते.

२००७ मध्ये राष्ट्रीय लीगचे रूपांतर आय-लीगमध्ये झाले आणि त्याच वर्षी मुंबई एफसी या नव्या क्लबची स्थापना झाली. इंग्रज प्रशिक्षक डेव्हिड बूथ यांच्या हाताखाली क्लबने द्वितीय श्रेणी जिंकून २००८ मध्ये वरच्या श्रेणीत प्रवेश मिळविला. जमील या क्लबात खेळाडू म्हणून आले होते. परंतु दुखापतींनी त्यांना मैदानाबाहेर ठेवले. २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांच्याकडे त्याच क्लबच्या मुख्य प्रशिक्षकपदाची सूत्रे आली.

यापुढची सात वर्षे या संपूर्ण वाटचालीत सर्वांत कमी चर्चिली गेलेली आणि सर्वांत निर्णायक आहेत. २००९-१० ते २०१५-१६ या सात हंगामांत मुंबई एफसीने एकही मोठा करंडक जिंकला नाही. आर्थिक बळ मर्यादित होते. कूपरेजच्या नूतनीकरणामुळे काही हंगाम क्लबला 'घरचे' सामने पुण्याच्या बालेवाडी संकुलात खेळावे लागले. मुंबईचे समर्थक दीडशे किलोमीटरवर येणे शक्य नव्हते आणि पुणेकरांना पुणे एफसी हा स्वतःचा संघ होता. अशा परिस्थितीत प्रत्येक हंगामाचे उद्दिष्ट एकच असे, ते म्हणजे श्रेणीतून खाली न घसरणे. ते उद्दिष्ट प्रत्येक वेळी साध्य झाले. जमील यांच्या संघांची बचावात्मक, कमी गोलांची, बरोबरीत समाधान मानणारी शैली याच काळातील. रसिकांना ती फारशी रुचली नाही आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. परंतु साधने तोकडी असताना संघ कसा उभा ठेवावा, प्रतिस्पर्ध्याचा खेळ कसा तोडावा आणि इतरांनी नाकारलेल्या खेळाडूकडून काम कसे करून घ्यावे, याचे शिक्षण अशाच काळात मिळते. ज्या देशात क्लब हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक बदलतात, तेथे बत्तीस वर्षांच्या नवख्या माणसाला सात वर्षे एकाच ठिकाणी ठेवले गेले, हा योग दुर्मीळ होय. जमील गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात, २०१६-१७ मध्ये, मुंबई एफसी गुणतक्त्यात तळाला जाऊन घसरली आणि त्यानंतर क्लब बंद झाला. त्या सात वर्षांचे मोल या घटनेवरून अधिक स्पष्ट होते.

ऐजॉल आणि त्यानंतर

मुंबई सुटल्यानंतर जमील मिझोरामच्या ऐजॉल एफसीकडे गेले. हा क्लब आदल्या हंगामात आय-लीगमधून घसरला होता. गोव्यातील क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतल्यामुळे रिक्त झालेल्या जागी त्याला परत घेण्यात आले होते. अशा संघाने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. २२ एप्रिल २०१७ रोजी ऐजॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० असे नमविले. ३० एप्रिल रोजी शिलाँग येथे लाजोंग संघाशी १-१ अशी बरोबरी साधताच विजेतेपद निश्चित झाले. अठरा सामन्यांत ऐजॉलचे ३७ गुण झाले, तर बागानचे ३६. ईशान्य भारतातील एखाद्या क्लबने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. विजेत्या संघात जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबईचे दोन खेळाडू होते. मुंबईतील शिकवणीचे फळ मिझोरामला मिळाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

यानंतरचा आलेख सरळ वर गेलेला नाही. २०१७-१८ मध्ये ईस्ट बंगालकडे लीगमध्ये चौथे स्थान आणि सुपर कपचे उपविजेतेपद. जानेवारी २०१९ मध्ये मोहन बागानची अल्पकालीन जबाबदारी. कोलकात्याच्या दोन्ही महाक्लबांत काम करूनही त्यांना तेथे स्थिरावता आले नाही. पुढची पायरी तर खाली उतरणारी होती. राष्ट्रीय विजेतेपद मिळविलेला हा प्रशिक्षक नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक म्हणून रुजू झाला. २०१४ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१९-२० पासून देशाची सर्वोच्च लीग ठरलेल्या इंडियन सुपर लीगमध्ये मुख्य प्रशिक्षकपद ही जवळजवळ परदेशी व्यक्तींची मक्तेदारी होती. भारतीयाने सहायक व्हावे, हीच तेथील रूढी. जानेवारी २०२१ मध्ये जेरार्ड नूस यांना दूर करण्यात आले आणि जमील यांच्याकडे हंगामी सूत्रे आली. त्यानंतर संघ साखळीतील नऊ सामने अपराजित राहिला आणि उपांत्य फेरीत पोहोचला. भारतीय प्रशिक्षकाने या लीगमध्ये संघाला बाद फेरीपर्यंत नेण्याची ही पहिली वेळ होती. त्याच वर्षी त्यांना कायम करण्यात आले. पण २०२१-२२ च्या हंगामात संघ दहाव्या स्थानावर राहिला आणि पद गेले.

येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. पद गेल्यानंतर जमील यांनी २०२३ मध्ये बंगळूर युनायटेड या खालच्या श्रेणीतील क्लबचे काम स्वीकारले. प्रतिष्ठेचा विचार करणारा माणूस असे सहसा करीत नाही. ३१ डिसेंबर २०२३ रोजी जमशेदपूर एफसीने त्यांना बोलाविले. २०२४-२५ मध्ये हा संघ लीगमध्ये पाचवा आला, उपांत्य फेरीत मोहन बागानकडून दोन सामन्यांत मिळून ३-२ असा हरला आणि सुपर कपच्या अंतिम सामन्यात गोव्याकडून पराभूत झाला. महासंघाने २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांना सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार दिला.

राष्ट्रीय पद

राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून पहिल्याच स्पर्धेत, ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मधील मध्य आशियाई नेशन्स कपमध्ये, भारताने यजमान ताजिकिस्तानला २-१ असे हरविले आणि तिसऱ्या स्थानाच्या सामन्यात ओमानवर पेनल्टी शूटआऊटमध्ये मात केली. त्यानंतर मात्र वास्तव समोर आले. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरशी त्यांच्या भूमीवर १-१ अशी बरोबरी आणि १४ ऑक्टोबर रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर १-२ असा पराभव झाला. त्यामुळे २०२७ च्या आशियाई चषकाची दारे बंद झाली. १८ नोव्हेंबर रोजी ढाका येथे बांगलादेशानेही भारताला १-० असे हरविले. पात्रता फेरीची सुरुवात त्यांच्या पूर्वसुरींच्या काळातच अडखळत झाली होती, हे खरे. पण मडगावचा पराभव प्रशिक्षकाच्या खात्यावरच नोंदला जातो. चार-पाच महिन्यांच्या निकालांवरून माणसाच्या योग्यतेचा निवाडा करणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही आणि येथे तो केलेला नाही.

तुटलेल्या पायऱ्या

या वाटचालीतील मुंबईच्या टप्प्यांची आजची स्थिती पाहिली की चित्र अस्वस्थ करणारे आहे. रोव्हर्स स्पर्धा २०००-०१ नंतर भरली नाही. १९६२ पासून चालत आलेला महिंद्रचा संघ २००९-१० च्या हंगामाअखेर विसर्जित झाला. एअर इंडिया आणि ओएनजीसी हे दोन संस्थात्मक संघ क्लब-परवान्याच्या निकषांत न बसल्यामुळे २०१३ मध्ये आय-लीगबाहेर गेले. मुंबई एफसी २०१७ मध्ये संपली. पुण्याचा अनुभव याहून वेगळा नाही. पुणे एफसी बंद झाला, भारत एफसी २०१५ च्या एका हंगामापुरताच टिकला, डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये थांबला आणि एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादने घेतली. ज्या बालेवाडीत एकेकाळी मुंबईचे व पुण्याचे संघ राष्ट्रीय लीगचे सामने खेळत, तेथील शहराला सर्वोच्च श्रेणीत संघच उरला नाही.

क्लब-परवान्याचे निकष चुकीचे होते असे नाही. आशियाई महासंघाला खेळ व्यावसायिक पायावर आणायचा होता. क्लब ही स्वतंत्र कायदेशीर संस्था असावी, तिला युवा संघ आणि मैदान असावे, ही अपेक्षा रास्तच. पण नोकरीवर आधारलेली जुनी व्यवस्था मोडताना तिची एक भूमिका, म्हणजे माजी खेळाडूला प्रशिक्षक होईपर्यंत पोसण्याची, कोणाकडे सोपवायची याचा विचार झालेला दिसत नाही. नव्या व्यवस्थेत मुंबई सिटी एफसीने निश्चितच यश मिळविले. परंतु २०१४ पासून २०२५ पर्यंत त्या क्लबच्या पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षकांची नावे पाहावीत : पीटर रीड, निकोला अनेल्का, अलेक्झांद्रे गिमाराएस, जॉर्ज कोस्टा, सर्जिओ लोबेरा, डेस बकिंगहॅम, पेत्र क्रात्की. यांत भारतीय एकही नाही. २००९ मध्ये बत्तीस वर्षांच्या स्थानिक माणसाला जी खुर्ची मिळाली, तशी खुर्ची महाराष्ट्रात सर्वोच्च श्रेणीत शिल्लक नाही.

औपचारिक पात्रतेची शिडी मात्र पूर्वीपेक्षा सुस्पष्ट झाली आहे. राष्ट्रीय महासंघाचा 'डी' परवाना, त्यानंतर आशियाई महासंघाचे 'सी', 'बी', 'ए' आणि शेवटी 'प्रो' परवाना असा हा क्रम आहे. जमील यांनी तो शेवटपर्यंत पूर्ण केला. वरच्या परवान्यांसाठी प्रत्यक्ष संघासोबत काम करण्याचा अनुभव लागतो आणि तो अनुभव देणारा संघ नसेल, तर शिडी भिंतीला टेकवायची कोठे, हा प्रश्न उरतो.

महाविद्यालयाचे स्थान

अमेरिकेत हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटलेला आहे. तेथील 'फुटबॉल' हा हाताने खेळला जाणारा वेगळा खेळ. पण प्रशिक्षकाच्या व्यवसायाची रचना पाहण्याजोगी आहे. खेळणे संपलेला पदवीधर विद्यापीठातच पदव्युत्तर शिक्षण घेत संघाचा साहाय्यक होतो. पुढे तो एखाद्या फळीचा प्रशिक्षक, नंतर आक्रमणाचा किंवा बचावाचा समन्वयक आणि अखेरीस मुख्य प्रशिक्षक होतो. या सर्व पायऱ्या विद्यापीठांच्या आत आहेत. अनेक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सार्वजनिक कर्मचारी हा राज्य विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक असतो. या अतिरेकावर तेथील प्राध्यापकांनी कठोर टीका केली आहे आणि ती वाजवीही आहे. त्याचे अनुकरण करावे असे कोणी म्हणणार नाही. तरी विद्यापीठ हे प्रशिक्षक शिकण्याचे ठिकाण असू शकते, एवढे त्यावरून सिद्ध होते. रहीम यांचे उदाहरण तर घरचेच आहे.

आपल्याकडील महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक हे एक पद असते. नेवाशासारख्या तालुक्याच्या ठिकाणी त्या एका व्यक्तीला कबड्डी, खो-खो, कुस्ती, मैदानी स्पर्धा, क्रिकेट आणि फुटबॉल या साऱ्यांचे संघ उभे करायचे असतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या प्रवेशिका, प्रवासाची बिले, क्रीडासाहित्याची खरेदी आणि प्रमाणपत्रांच्या नोंदी हे काम वेगळेच. जिल्हा विभागाच्या स्पर्धेत महाविद्यालयाचा फुटबॉल संघ दोन-तीन सामने खेळतो. हरला की त्याचा हंगाम संपतो. निवड झालेले खेळाडू विद्यापीठाच्या संघात जातात, पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतात आणि त्यांच्यासाठी विद्यापीठ शिबिरापुरता प्रशिक्षक नेमते. वर्षभर एकाच संघासोबत काम करण्याची जी संधी जमील यांना मुंबई एफसीत सात वर्षे मिळाली, तिची छोटी आवृत्तीही या रचनेत कोणाला मिळत नाही. खेळाडूंना याचा तोटा होतो, हे सर्वमान्य आहे. शिकविणाऱ्यालाही शिकता येत नाही, याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत या पदाच्या पात्रतेची तपशीलवार मांडणी आहे. प्रवेशाच्या पातळीवर शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांसह हवी, नेट अथवा सेट हवी, विद्यापीठ किंवा राज्य पातळीवर खेळल्याचा पुरावा हवा आणि शारीरिक क्षमतेची चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने बारा मिनिटांत १८०० मीटर, तर महिला उमेदवाराने आठ मिनिटांत १००० मीटर अंतर पार करावे, असे त्यात नमूद आहे. उपसंचालक पदासाठी स्पर्धा भरविल्याचा आणि किमान दोन आठवड्यांची प्रशिक्षण शिबिरे घेतल्याचा पुरावा मागितला जातो. कोणत्याही खेळाच्या प्रशिक्षक-परवान्याची अट यांपैकी कोणत्याही टप्प्यावर घातलेली नाही.